निवृत्त शिक्षकांची संघटना : ती का निघाली आणि तिने नेमके काय करायचे

भुदरगड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील गुरुजींनी विचारले आहे की, वर्षभरात आपण निवृत्त होत आहोत, तालुक्यातील निवृत्त शिक्षक संघटनेचे पदाधिकारी आजीव सभासदत्वाची पावती फाडण्यासाठी येऊन गेले, तर ही संघटना मुळात कशासाठी निघाली, वर्षातून एकदा होणारा सत्कार आणि स्नेहभोजन याखेरीज ती काय करते, आणि नोकरीतल्या शिक्षक संघटनांशी आयुष्यभर बांधलेले असताना ही आणखी एक वर्गणी कशासाठी भरायची? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः कोल्हापुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर बरीच वर्षे अशाच एका संघटनेचे चिटणीसपद सांभाळले. त्यामुळे हे उत्तर व्यासपीठावरून नव्हे, तर कागदपत्रांच्या टेबलावरून लिहीत आहे.

थोडक्यात सांगायचे तर, शिक्षक निवृत्त झाला की त्याची फाइल कोणाच्याच मालकीची राहत नाही. शाळेच्या दृष्टीने तो गेलेला असतो, कार्यालयाच्या दृष्टीने तो एक प्रलंबित प्रकरण असतो आणि नोकरीतल्या संघटनेच्या दृष्टीने तो जुना कार्यकर्ता असतो. ही फाइल निवृत्तीपासून मृत्यूपर्यंत, आणि त्यानंतर जोडीदाराच्या हयातीतही, कोणीतरी डोळ्यांखाली ठेवावी यासाठी या संघटना उभ्या राहिल्या. बाकीचे सारे त्याभोवती आले.

कोल्हापूर जिल्ह्यात ही गरज थोडी अधिक तीव्र होती, आणि त्याचे कारण इथल्या शाळांच्या इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. खेडोपाडी शाळा निघाल्या आणि त्यांच्याबरोबर शिक्षकांचा एक मोठा वर्ग निर्माण झाला. हे शिक्षक दरबारचे नोकर होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हे शिक्षक स्कूल बोर्डाच्या अखत्यारीत आले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्यांचा मालक पुन्हा बदलला. म्हणजे चाळीसच्या दशकात नोकरीला लागलेल्या एखाद्या गुरुजींनी शाळेची खोली न बदलता तीन धनी पाहिले. प्रत्येक बदलाच्या वेळी सेवापुस्तकातील नोंदी एका दप्तरातून दुसऱ्यात गेल्या, काही नीट गेल्या, काही गेल्याच नाहीत, आणि त्याचा हिशोब निवृत्तीच्या दिवशी समोर आला.

माध्यमिक शाळांची कथा निराळी आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक हायस्कुले सरकारी नाहीत. ती शिक्षणसंस्थांची आहेत. स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था, रयत शिक्षण संस्था, गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि गावोगावच्या लहान संस्था यांनी ती उभी केली. या शाळांतील शिक्षकाला बराच काळ भविष्य निर्वाह निधीपलीकडे म्हातारपणाचा आधार नव्हता. राज्य शासनाची पेन्शन अनुदानित माध्यमिक शाळांना लागू झाली ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. मोठ्या संस्थांमधून तीन-चार जिल्ह्यांत बदल्या होत असल्यामुळे एकाच माणसाची सेवा रत्नागिरी, सातारा, सांगली आणि कोल्हापूर अशी विखुरलेली असे. एखाद्या वर्षाची वार्षिक वेतनवाढ नोंदवलेली नाही किंवा एखाद्या रजेचा आदेश चिकटवलेला नाही, एवढ्या कारणावरून फाइल परत येई, आणि ज्या शाळेतून तो कागद आणायचा तेथील लिपिकाला हे सर कोण हेही माहीत नसे.

या दोन वर्गांत महानगरपालिकेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांतील शिक्षकांची भर घातली की चित्र पूर्ण होते. एकाच गल्लीत राहणारे तीन निवृत्त शिक्षक घेतले तरी त्यांची पेन्शन तीन वाटांनी येते. माध्यमिक शिक्षकाचा प्रस्ताव शाळेतून शिक्षण विभागामार्फत मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातो, तेथून निवृत्तिवेतनाचा, उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) आणि अंशराशीकरणाचा (पेन्शनचा काही भाग एकरकमी आगाऊ घेण्याचा) असे आदेश निघतात, आणि पैसे जिल्हा कोषागारातून बँकेत जमा होतात. आपल्यासारख्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींचे प्रकरण महालेखापालांकडे जातच नाही. गटशिक्षणाधिकारी, शिक्षण विभाग आणि वित्त विभाग अशी त्याची वाट जिल्हा परिषदेतच संपते, आणि दरमहाची रक्कम शासनाकडून अनुदान येईल तशी वाटली जाते. म्हणूनच कोषागारातून पेन्शन घेणाऱ्या शेजाऱ्याचा मोबाइल महिन्याच्या सुरुवातीला वाजतो आणि गुरुजींचा दहा-पंधरा दिवसांनी. महापालिकेच्या शिक्षकांची व्यवस्था तिसरी. नियम पुष्कळसे सारखे, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ हाच त्यांचा पाया, पण दरवाजे वेगवेगळे. कोणत्या कामासाठी कोणता दरवाजा ठोठवायचा हे ज्ञान ज्यांच्याकडे साठले, त्या चार-दोन निवृत्त मुख्याध्यापकांच्या आणि केंद्रप्रमुखांच्या भोवती लोक जमू लागले, आणि मला माहीत असलेल्या बहुतेक तालुका संघटनांचा जन्म असाच कोणाच्या तरी सोप्यात झाला.

मग नोकरीतल्या संघटनांनी हे काम का केले नाही? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचा सभासद नोकरीत असतो. त्याचे प्रश्न बदलीचे, पदोन्नतीचे, संचमान्यतेचे (पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याचे), अशैक्षणिक कामांचे असतात. निवृत्ताचा प्रश्न आणि नोकरीतल्याचा प्रश्न कधीकधी एकमेकांच्या आडही येतात, कारण शासन वेतन आयोगाची बोलणी करताना चालू पगार आधी आणि मागील थकबाकी नंतर, असाच सौदा करते. शिवाय एक राजकीय बाजू आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मतदार होण्यासाठी मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील दर्जाच्या संस्थेत शिकवलेले असावे लागते. म्हणजे माध्यमिक शिक्षक निवृत्तीनंतर साधारण तीन वर्षांत त्या यादीतून बाहेर पडतो, आणि प्राथमिक गुरुजी तर त्या यादीत कधी नसतातच. पुणे विभागाच्या या मतदारसंघातून निवडून येणारे आमदार निवृत्तांची निवेदने आदराने स्वीकारतात, चहा देतात, पण ज्याच्याकडे मत नाही त्याचे निवेदन फाइलमध्ये खालीच जाते. हे कटू आहे, पण संघटना स्वतंत्र असण्याचे ते एक खरे कारण आहे.

स्वतंत्र संघटनांना दुसरी चालना न्यायालयाकडून मिळाली. डी. एस. नाकरा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. केंद्र सरकारने पेन्शनचे सुधारित सूत्र ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिले होते. अशी तारीख घालून निवृत्तांचे दोन वर्ग पाडणे घटनेच्या समानतेच्या तत्त्वात बसत नाही, आणि पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे. शाहू स्मारक भवनात किंवा तालुक्याच्या एखाद्या मंगल कार्यालयात त्या दिवशी होणारी भाषणे ऐकली की वाटते, बहुतेकांना निकालाचे नाव ठाऊक आहे, पण त्याने काय दिले आणि काय दिले नाही हे ठाऊक नाही. नाकरा निकालाने प्रत्येक नवा लाभ प्रत्येक जुन्या निवृत्ताला आपोआप मिळतो असे नाही. पुढच्या अनेक निकालांनी त्याला मर्यादा घातल्या आहेत. तथापि निवृत्त माणूस एकट्याने नव्हे, तर वर्ग म्हणून न्याय मागू शकतो, ही जाणीव त्या निकालाने दिली. राज्यात १ जानेवारी १९८६ पासूनचा चौथा आणि १ जानेवारी १९९६ पासूनचा पाचवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा जुन्या निवृत्तांच्या पेन्शनची फेरआखणी कोणी करून घ्यायची, हा प्रश्न गावोगावी उभा राहिला, आणि त्या काळात संघटनांना खरे बळ आले. त्याच सुमारास १ जानेवारी १९८६ पासून बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी, जिला आपण सारे आयोगाच्या नावावरून चट्टोपाध्याय म्हणतो, ती आली आणि वेतननिश्चितीच्या नव्या गुंत्यांचीही सोय झाली.

आता संघटना काय करते, किंवा तिने काय करावे. पहिले काम निवृत्तीच्या आधीचे आहे. नियमाप्रमाणे पेन्शनची कागदपत्रे निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून तयार व्हायला हवीत. प्रत्यक्षात शेवटच्या वर्षी, आणि तेही शिक्षकाने मागे लागल्यावर, सेवापुस्तक उघडले जाते. आपल्या हातात वर्षभर आहे, तेव्हा आजच सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या आणि तीन गोष्टी पाहा: प्रत्येक वर्षाची सेवा पडताळणीची सही आहे का, प्रत्येक वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर पडताळणीचा शेरा आहे का, आणि कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना भरलेला व स्वाक्षरित आहे का. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग पडणारी आहे. पेन्शन मंजुरीला उशीर झाला तर तात्पुरते निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे, आणि प्रशासकीय कारणाने उपदान तीन महिन्यांपेक्षा व पेन्शन सहा महिन्यांपेक्षा अधिक रखडली तर व्याज मागता येते. हे व्याज आपणहून कोणी देत नाही. संघटनेच्या नावाने लेखी अर्ज गेला की मात्र तारखा आठवू लागतात.

दुसरे काम, माझ्या मते संघटनेच्या अस्तित्वाचे सर्वांत मोठे समर्थन, म्हणजे कुटुंबनिवृत्तिवेतन. सर गेल्यावर बाराव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. त्यानंतर पत्नी आणि तो पेन्शनचा आदेश, एवढेच उरते. त्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा दर बहुधा आधीच छापलेला असतो. मृत्यूचा दाखला, विहित अर्ज, आधारकार्ड, पॅनकार्ड, बँक पासबुक एवढ्यावर काम व्हायला हवे. पण आपल्या भागात लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती आणि अजूनही काही घरांत आहे. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव अनसूया, सेवापुस्तकात सासरचे नाव लक्ष्मी, आणि आधारकार्ड काढायला बसल्यावर नातवाने सांगितले ते घरातल्या हाकेचे नाव आक्काताई. बँकेच्या काउंटरवर या तीन वेगवेगळ्या बायका ठरतात. अशा वेळी संघटनेचा माणूस काय करतो ते सांगतो. तो आधी सेवापुस्तकातील कुटुंब तपशिलाची साक्षांकित प्रत मिळवतो, लग्नाचा काही पुरावा, जुने रेशनकार्ड, मतदार यादीतील उतारा शोधतो, तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घेतो, आणि कार्यालयप्रमुखांच्या पत्रासह ते पेन्शन देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवतो. बाईंना दरवेळी तालुक्याला न आणता. एवढ्याशा कामाला काही महिने लागतात आणि तेवढे महिने घरात रुपया येत नाही. तेच काम सर हयात असताना केले असते तर एका अर्जावर आणि एका नोंदीवर भागले असते. म्हणून आमच्याकडे सभासद होताना पहिला प्रश्न जोडीदाराच्या नावाचा विचारला जात असे आणि पुष्कळांना तो आगाऊपणा वाटत असे.

याच्याशी जोडलेल्या आणखी काही गोष्टी आहेत. सुरुवातीच्या काळात कुटुंबनिवृत्तिवेतन वाढीव दराने मिळते, निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास सात वर्षे किंवा मृत शिक्षक पासष्ट वर्षांचा झाला असता ती तारीख, यांतील जे आधी येईल तोपर्यंत, आणि त्यानंतर ते साध्या दरावर येते. हे आधी सांगितले नाही तर बाईंना वाटते की कोणीतरी आपली पेन्शन कापली. ज्याच्या घरी अपंग अपत्य आहे त्याने त्याचे नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आपल्या हयातीत नोंदवून ठेवलेच पाहिजे, कारण आईवडील दोघेही गेल्यावर त्या मुलाचा हक्क सिद्ध करणारे कोणी उरत नाही. आणि मृत्यूनंतर खात्यात जमा झालेली पेन्शन एटीएममधून काढू नये, ती वसूल होते, हे मुलांना दुखवट्याच्या भेटीतच सांगावे लागते. ऐकायला बरे वाटत नाही, पण ते सांगण्यासाठीच त्या दिवशी संघटनेचा एक माणूस जातो. दोन संसार असलेल्या घरांत वाद उद्भवतो तेव्हा मात्र संघटनेने न्यायाधीश होऊ नये. कागद कोठे मिळतील एवढे सांगावे आणि बाजूला व्हावे.

तिसरे काम वसुलीचे. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी वेतननिश्चिती करताना एक टप्पा जास्त धरला, आणि निवृत्तीच्या वेळी पडताळणीत ते निघाले की उपदानातून दोन-तीन लाख कापले जातात. शिक्षकाला ते अपमानासारखे लागते. आपण काहीतरी चोरले अशी भावना होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या निकालात निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चुकीने दिलेल्या जादा रकमेची अशी वसुली करता येणार नाही असे सांगितले आहे. पण २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, जादा रक्कम निघाल्यास परत करीन असे वचनपत्र कर्मचाऱ्याने वेतननिश्चितीच्या वेळी लिहून दिले असेल तर त्याला या संरक्षणाचा आधार घेता येत नाही. ते वचनपत्र आपण सर्वांनी वेतन आयोगाच्या वेळी न वाचता सही करून दिलेले असते. तेव्हा 'रफिक मसीह आहे, घाबरू नका' असे सभेत सांगून टाळ्या घेणारे पदाधिकारी भेटले तर आपल्या सेवापुस्तकात वचनपत्र आहे की नाही ते आधी पाहा. पूर्वी अशा प्रकरणांत मुंबईला उच्च न्यायालयात जावे लागे आणि त्या खर्चापायी माणसे वसुली सोसत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले आहे. सहा जिल्ह्यांतील निवृत्तांना त्याचा मोठा उपयोग आहे, आणि समान प्रश्न असलेल्या वीस जणांनी मिळून एक याचिका करायची असेल तर त्यांची मोट बांधण्याचे काम संघटनेखेरीज कोणी करत नाही.

बाकीची कामे मी भराभर सांगतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या सभासदाच्या घरी मोबाइल घेऊन जाणे आणि चेहऱ्यावरून होणारी 'जीवन प्रमाण' नोंद करून देणे, किंवा बँकेच्या माणसाला घरी आणणे, हे काम तरुण निवृत्तांनी वाटून घ्यावे, कारण ऐंशी-नव्वदीच्या बोटांचे ठसे यंत्र उमटवून घेत नाही. अंशराशीकरणापोटी कापली जाणारी रक्कम पंधरा वर्षांनी पूर्ववत व्हायला हवी आणि ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर पेन्शनमध्ये वाढ व्हायला हवी. दोन्ही आपोआप होतील असे धरून चालू नये, संघटनेने सभासदांच्या तारखांची वही ठेवावी. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी २०१९ पासून पाच वार्षिक हप्त्यांत द्यायची ठरली होती. ते हप्ते कोणाला कधी मिळाले याचा हिशोब ज्या तालुक्यांत संघटना जागी होती तेथे निवृत्तांजवळ लिहिलेला सापडतो.

एका गोष्टीवर मात्र थांबतो, कारण ती आपल्या जिल्ह्याची आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ, हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतील नदीकाठच्या घरांत पाणी शिरले तेव्हा माणसे आणि जनावरे आधी निघाली, ट्रंक राहिली. त्या ट्रंकेत पेन्शनचा मूळ आदेश, सेवापुस्तकाची प्रत, जुनी पासबुके. पाणी उतरल्यावर ते कागद वाळत घातले तर शाई पसरलेली आणि पाने एकमेकांना चिकटलेली. बँकेत पेन्शन जमा होत राहिली, त्यामुळे तेव्हा कोणाला काही वाटले नाही. अडचण नंतर आली, जेव्हा कोणी वारले किंवा बँक बदलायची वेळ आली आणि आदेशाचा क्रमांकसुद्धा वाचता येईना. दुय्यम प्रत मिळते, पण मागताना मूळ क्रमांक किंवा निवृत्तीची नेमकी तारीख आणि कार्यालय सांगता आले पाहिजे. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की आदेशाची एक झेरॉक्स संघटनेच्या दप्तरात, एक दुसऱ्या गावच्या मुलाकडे आणि एक फोटो मोबाइलमध्ये असू द्या. पुराच्या पट्ट्यातील तालुका संघटनांनी हे दप्तर ठेवलेच पाहिजे, आणि ते पहिल्या मजल्यावर.

सत्कार, स्नेहमेळावे, पंचाहत्तरी, सहली, आरोग्य शिबिरे, शिष्यवृत्ती परीक्षेच्या मुलांना फुकट मार्गदर्शन, हे सारे संघटना करतात आणि करावे. एकट्या राहणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा जुन्या ओळखीच्या खुर्च्यांवर बसायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. अनेक निवृत्त बाईंना तर घराबाहेर पडायला तेवढेच निमित्त असते. माझी तक्रार एवढीच की कार्यक्रमपत्रिकेवरच्या नावांसाठी जितके भांडण होते त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या प्रलंबित यादीसाठी होत नाही. आणि व्यासपीठ दिसले की निवडणूक दिसते. शिक्षक बँक, पतसंस्था, शिक्षणसंस्थेचे संचालक मंडळ, जिल्हा परिषद गट, यांपैकी कोणाच्या ना कोणाच्या पॅनेलसाठी निवृत्तांची यादी मागितली जाते. ती देऊ नये. ज्या संघटनेने दिली, तिचे पुढच्या वर्षी दोन तुकडे झालेले मी पाहिले आहेत.

पैशाविषयी स्पष्ट बोलायला हवे. संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असावी. कोल्हापुरात ते काम धर्मादाय कार्यालयात होते. नोंदणी करताना सात सभासद पुरतात आणि उत्साहही असतो. अडते ते नंतर: कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो, तो दिला जात नाही, दहा वर्षांनी बँक खात्यावरच्या सह्या बदलायला गेल्यावर कळते की कागदोपत्री अध्यक्ष अजून ते आहेत ज्यांच्या शोकसभेला आपण गेलो होतो. आपण सभासद होण्यापूर्वी मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि शेवटचा मंजूर बदल अहवाल दाखवा असे म्हणा. निवृत्त शिक्षकांना हिशोब विचारल्याचा राग येण्याचे कारण नाही. आपण सर्वांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळे तपासले आहेत. आणि एक पथ्य: पेन्शनचे काम करून देण्यासाठी टक्केवारी किंवा 'खर्चापोटी' रोख रक्कम मागणारा कोणीही, तो किती का जुना कार्यकर्ता असेना, संघटनेचे काम करत नसून दलाली करत आहे. वर्गणी पावतीवर, खर्च ठरावावर, एवढे पुरे.

आता पुढच्या काळाविषयी. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी आधी अंशदायी, म्हणजे कर्मचारी आणि शासन दोघांच्या वर्गणीची, आणि मग राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप केला, त्यात आपल्या जिल्ह्यातील शिक्षकही होते. त्यानंतर कुटुंबनिवृत्तिवेतन आणि उपदानाच्या तरतुदी त्यांना लागू झाल्या, आणि २०२४ मध्ये शेवटच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देणारा सुधारित पर्याय शासनाने मान्य केला. मधल्या मध्ये अडकलेला एक गट आहे, ज्यांची नेमणूक त्या तारखेपूर्वीची पण त्या दिवशी शाळा शंभर टक्के अनुदानावर नव्हती. अनुदानाचे टप्पे शासनाने लांबवले आणि त्याची किंमत शिक्षकाच्या पेन्शनने मोजायची, हा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालू आहे. या लोकांना सभासद करून घ्यायचे की नाही यावर अनेक संघटनांत कुजबुज असते. 'त्यांना पेन्शनच नाही, मग ते पेन्शनर कसे', असे म्हणणारे आहेत. माझे मत उलट आहे. त्यांच्याकडे आदेश नसला तरी खाते आहे, नामनिर्देशन आहे, पर्याय निवडण्याच्या मुदती आहेत, वार्षिकी (साठलेल्या रकमेतून पुढे नियमित उत्पन्न देणारी योजना) कोणती घ्यायची हा आयुष्यात एकदाच घ्यायचा निर्णय आहे, आणि तो चुकला तर परत फिरता येत नाही. जुन्या निवृत्ताला कागद शोधून देणारा माणूस हवा होता. यांना पर्याय समजावून सांगणारा हवा आहे. हे शिकून घेतले नाही, तर आपल्यानंतर या संघटनांना सभासद मिळणार नाहीत.

आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की वर्गणी भरावी, पण पावती घेण्याआधी पदाधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: तालुक्यात आज कुटुंबनिवृत्तिवेतनाची किती प्रकरणे प्रलंबित आहेत, ती कोण पाहतो, आणि शेवटची सभा झाली तेव्हा त्या यादीवर चर्चा झाली का. यादी दाखवता आली तर ती संघटना आपल्या कामाची आहे. दाखवता आली नाही, तरी सभासद व्हा आणि पहिल्या सभेत ती यादी करण्याचा ठराव आपणच मांडा. हिशोबी माणसाची तालुक्याला गरज असणारच. तोवर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन सेवापुस्तकातील कुटुंबाचा तपशील उघडा आणि त्यावरील आपल्या पत्नीचे नाव तिच्या आधारकार्डाशी अक्षर न अक्षर जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आपल्या सहीने, पोच घेऊन, याच महिन्यात द्या.